अखेरच्या सोबतीचा इतिहास

रात्री-अपरात्री रुग्णालयातून बोलावणे येणे ही धर्मग्रामात काम करणाऱ्या धर्मगुरूला नवी गोष्ट नव्हे. पवित्र तेलाची डबी आणि प्रार्थनेचे पुस्तक घेऊन आम्ही अनेकदा अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे राहिलो आहोत. दाराबाहेरच्या बाकांवर घरची माणसे बसलेली असतात. कुणाच्या हातात जपमाळ, कुणाच्या हातात औषधांच्या पावत्या. दार उघडते ती बहुधा एखादी परिचारिका. आपल्याकडे तिला सगळेच 'सिस्टर' म्हणतात. "फादर, चपला बाहेर ठेवा, हात धुऊन या," असे सांगून ती आत नेते, पडदा सारते, नळ्या आणि वायरी किंचित बाजूला करून कपाळावर तेल लावण्यापुरती जागा मोकळी करून देते, आणि प्रार्थना चालू असेपर्यंत खाटेच्या दुसऱ्या बाजूस स्तब्ध उभी राहते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री रुग्णाभ्यंगाचा संस्कार आटोपून आम्ही निघालो, तेव्हा त्या सिस्टरने दाराशी थांबवून विचारले, "फादर, तुम्हांला इतक्या उशिरा का बोलावतात? ह्या आजोबांना चार दिवसांपूर्वीपर्यंत सगळे समजत होते. त्यांना काहीतरी बोलायचे होते. ड्यूटीवर मीच होते." आम्ही आजोबांकडे वळून पाहिले. व्हेंटिलेटरच्या ठेक्यावर छाती वरखाली होत होती. बोलण्याची वेळ निघून गेली होती. त्या मुलीला द्यायला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

त्या प्रश्नाने आम्हांला जुनी पाने चाळायला लावली. अतिदक्षता विभागाचा इतिहास सामान्यतः यंत्रांचा आणि डॉक्टरांचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु त्या विभागात जितकी माणसे वाचतात, त्यांच्या जोडीने कित्येक माणसे तेथेच अखेरचा श्वास घेतात. त्या श्वासाला सोबत कोणाची असते, आणि त्या सोबतीची किंमत कोण मोजते, हे फारसे कोणी लिहिलेले नाही. प्रस्तुत लेखात तेवढाच एक धागा आम्ही हाती घेत आहोत.

यंत्र येण्यापूर्वी

पूर्वी मरण घरात येत असे. आमच्या लहानपणी गावात कोणी अत्यवस्थ झाल्याचे कळले की शेजारीपाजारी उंबरठा ओलांडून आत येत, खाटेभोवती गुडघे टेकून रोझरी म्हणत, आणि सुमरणासाठी संत जोसेफची विनवणी करीत. मरणाऱ्याच्या ओठांवर चमच्याने पाणी सोडणारे हात घरचेच असत.

ज्यांना घर नव्हते त्यांच्यासाठी ख्रिस्तसभेने ही सोबत एक व्रत म्हणून स्वीकारली. इटलीतील संत कमिलस द लेल्लिस (१५५०-१६१४) हे तरुणपणी सैनिक होते, जुगारी होते आणि पायाच्या न भरणाऱ्या जखमेमुळे स्वतः रुग्णालयात खितपत पडलेले होते. रुग्णसेवा पगारी माणसांकडून कशी होते हे त्यांनी खाटेवरून पाहिले होते. त्यांनी स्थापन केलेल्या संघाने तीन व्रतांना चौथ्याची जोड दिली: जिवाचा धोका पत्करूनही रुग्णांची सेवा करण्याची. मरणासन्नांजवळ शेवटपर्यंत थांबण्याबद्दल लोक त्या संघाच्या धर्मगुरूंना 'सुमरणाचे पिते' म्हणू लागले. १९३० साली परमगुरू पायस अकरावे यांनी संत कमिलस यांना परिचारक-परिचारिकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. १६३३ साली संत व्हिन्सेंट डी पॉल आणि संत लुईस द मारियाक यांनी फ्रान्समध्ये सुरू केलेल्या संघाच्या धर्मभगिनी तर मठाच्या भिंतीबाहेर पडून गरिबांच्या खाटांपर्यंत गेल्या. १८५४ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धातील जखमींसाठी निघाल्या, तेव्हा त्यांच्या ३८ स्त्रियांच्या तुकडीत दहा कॅथलिक धर्मभगिनी होत्या, ही गोष्ट आपल्या वाचकांनी स्मरणात ठेवण्याजोगी आहे.

त्या सर्व काळात मरणाऱ्याला सोबत देणे कठीण होते, पण त्यात एक सरळपणा होता. माणूस मरत आहे हे सर्वांना दिसत होते आणि मरण थांबविणारे साधन कोणाजवळही नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यावर हे चित्र बदलले.

कोपनहेगनची ती शरद ऋतूची रात्र

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन पोलिओच्या भयंकर साथीने ग्रासली. ब्लेगडॅम रुग्णालयात मुलांची रीघ लागली. कित्येकांचे श्वासाचे स्नायूच लुळे पडत. एवढ्या मोठ्या रुग्णालयात 'लोखंडी फुप्फुस' म्हणून ओळखले जाणारे यंत्र एकच होते आणि छातीवर बसवायची लहान यंत्रे सहा. श्वास बंद पडू लागलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. प्रमुख डॉक्टर लासेन यांनी तेव्हा ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला पाचारण केले. २७ ऑगस्ट १९५२ रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याखाली श्वासनलिकेला छेद देऊन त्यांनी नळी बसविली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरावयास सुरुवात केली. मुलगी वाचली.

परंतु पिशवी दाबायला हात हवेत. तेही रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे. वैद्यकीय महाविद्यालयांतील सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने त्या खाटांपाशी बसले. ऐन भरात एकाच वेळी सत्तर रुग्णांचा श्वास असा दुसऱ्याच्या मुठीतून चालला होता. मृत्यूचे प्रमाण शेकडा ऐंशीहून अधिक होते, ते चाळिसाच्या आसपास उतरले. पुढच्या वर्षी, १९५३ मध्ये, इब्सेन यांनी त्याच शहरातील दुसऱ्या एका रुग्णालयात अत्यवस्थ रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. आजच्या अतिदक्षता विभागाचा जन्म तेथे झाला असे मानले जाते.

या विजयाच्या कथेपाशी आपण क्षणभर थांबू या. शंभरातले चाळीस तरीही गेले. ते जेव्हा गेले, तेव्हा कुणाची तरी मूठ त्यांचा श्वास चालवीत होती. ती मूठ कधी उघडावी? मानवी इतिहासात हा प्रश्न यापूर्वी असा कधी उभाच राहिला नव्हता. हात थकले तेव्हा यंत्र आले. यंत्र थकत नाही, म्हणून प्रश्न अधिकच कठीण झाला. आणि खाटेशी कायमची उरली ती परिचारिका: श्वासनलिकेत साठलेला कफ ओढून काढणारी, दर काही तासांनी कूस बदलून देणारी, तोंड ओल्या कापसाने पुसणारी. डॉक्टर फेरी मारून जातो. ती आठ तास, बारा तास तेथेच असते. म्हणून मरण सुरू झाल्याची चाहूल पुष्कळदा सर्वांत आधी तिलाच लागते.

रोमकडे गेलेला प्रश्न

ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील भूलतज्ज्ञ डॉ. ब्रूनो हाइड यांनी हा प्रश्न सरळ परमगुरूंपुढे ठेवला. आशा संपली असतानाही यंत्र चालूच ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे काय? ते काढून घेता येईल काय? २४ नोव्हेंबर १९५७ रोजी परमगुरू पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांच्या मेळाव्यात त्याचे उत्तर दिले. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या वर्गात ते आम्ही पाठ केले होते. त्याचा अर्थ मात्र आम्हांला पुढे रुग्णालयांच्या व्हरांड्यांत उमगला.

त्या उत्तराचा आशय असा: जीव जतन करण्यासाठी सर्वसाधारण उपाय करणे हे माणसाचे कर्तव्य आहे, परंतु रुग्णावर किंवा त्याच्या माणसांवर असह्य भार टाकणारे असाधारण उपाय करण्यास कोणी बांधलेला नाही. व्यक्ती, स्थळ, काळ यांनुसार हे ठरेल. शुद्ध हरपलेल्या रुग्णाच्या बाबतीत, त्याची स्वतःची इच्छा काय असती याचा विचार करूनच घरच्यांनी पाऊल उचलावे. मात्र रुग्णाभ्यंग झालेला नसेल तर तो होईपर्यंत श्वास चालू ठेवावा. या शिकवणुकीची मुळे सोळाव्या शतकातील स्पॅनिश डॉमिनिकन पंडितांपर्यंत पोहोचतात. आणि तिच्यात बदल झालेला नाही: १९८० च्या रोमच्या घोषणापत्रात ती आहे, आणि नोव्हेंबर २०१७ च्या पत्रात परमगुरू फ्रान्सिस यांनी याच १९५७ च्या भाषणाचा हवाला दिला. इच्छामरणाला, म्हणजे जीव घेण्याच्या कृतीला, ख्रिस्तसभेचा विरोध ठाम आहे. पण मरणाला वाट देणे ही हत्या नव्हे, हेही ती तितक्याच ठामपणे सांगते.

ही शिकवण प्रत्यक्षात आणताना एका कॅथलिक कुटुंबाला किती सोसावे लागले, ते अमेरिकेतील कॅरन ॲन क्विन्लन हिच्या कहाणीवरून दिसते. एप्रिल १९७५ मध्ये ही २१ वर्षांची मुलगी बेशुद्ध झाली ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही. तिच्या आईवडिलांनी आपल्या धर्मग्रामाचे धर्मगुरू फादर थॉमस ट्रॅपासो यांचा सल्ला घेतला आणि व्हेंटिलेटर काढण्याची विनंती केली. डॉक्टरांनी नकार दिला. ३१ मार्च १९७६ रोजी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने वडिलांच्या बाजूने निकाल दिला. यंत्र टप्प्याटप्प्याने काढले गेले आणि सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध कॅरन स्वतःच्या बळावर श्वास घेत राहिली! नळीवाटे अन्न देणे आईवडिलांनी थांबविले नाही. तशी मागणी त्यांनी कधी केलीच नव्हती. ११ जून १९८५ रोजी ती देवाघरी गेली. न्यायालयाचा निकाल कायद्याच्या पुस्तकांत अजरामर झाला. पण यंत्र निघाल्यानंतरची ती नऊ वर्षे ज्यांनी तिची कूस बदलली, तिला न्हाऊ घातले, त्यांची नावे त्या पुस्तकांत नाहीत.

सिस्टरांनी काय सांगितले

परिचारिकांचे अनुभव विचारण्याची बुद्धी विद्वानांना उशिराच झाली. १९६५ मध्ये ग्लेझर आणि स्ट्राउस या दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील रुग्णालयांच्या निरीक्षणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांच्याबरोबर काम केलेल्या जीन क्विंट या परिचारिकेचा ग्रंथ १९६७ साली आला. त्यांनी वर्णिलेली एक अवस्था आपल्या घराघरांत ओळखीची आहे: मरण जवळ आल्याचे डॉक्टरला ठाऊक, सिस्टरला ठाऊक, घरच्यांना ठाऊक; केवळ ज्याचे मरण त्यालाच ठाऊक नाही. मग रुग्ण सिस्टरलाच विचारतो, "मी बरा होईन ना?" ज्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार तिला कोणी दिलेला नाही, तो प्रश्न रोज तिच्याच पदरात पडतो. काहींनी हसून वेळ मारून नेली, काहींनी त्या खाटेकडे जाणेच कमी केले. आम्ही त्यांना दोष देणार नाही. आम्हीसुद्धा कधीकधी हेच केले आहे.

१९८४ साली अँड्र्यू जेमटन या अभ्यासकाने परिचारिकांच्या एका वेदनेला नाव दिले. त्याला आपण 'नैतिक क्लेश' म्हणू. योग्य काय ते कळते, पण आपण जेथे काम करतो तेथील व्यवस्था ते करू देत नाही. अशा वेळी मनाला जे डागले जाते ते हे दुःख. ज्या देहाला उपचारांचा आता काहीही लाभ नाही, त्याला वरिष्ठांच्या आज्ञेवरून पुन्हा सुई टोचणे, पुन्हा नळी घालणे, थांबलेल्या हृदयासाठी ऐंशी वर्षांच्या बरगड्यांवर जोर देणे, हे हात डॉक्टरांच्या बरोबरीने सिस्टरचेही असतात.

१९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील एक मोठा अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. पाच मोठ्या रुग्णालयांतील ९१०५ अत्यवस्थ रुग्णांची पाहणी झाली. हृदय थांबल्यास ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न नको, अशी रुग्णाची इच्छा असली तरी निम्म्याहून अधिक डॉक्टरांना तिची कल्पना नव्हती. तशा लेखी सूचनांपैकी ४६ टक्के मरणाआधीच्या दोन दिवसांत लिहिल्या गेल्या. शुद्धीवर असताना मरण पावलेल्यांपैकी निम्म्यांना अखेरच्या दिवसांत बराच काळ मध्यम ते तीव्र वेदना होत्या, असे त्यांच्या घरच्यांनी सांगितले. मग अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्यात खास शिकविलेल्या परिचारिका नेमल्या गेल्या. त्यांनी रुग्णांची इच्छा जाणून घेतली, घरच्यांशी बोलल्या, ते डॉक्टरांपर्यंत पोहोचविले. परिणाम? काहीही बदलले नाही. सिस्टर बोलली; ऐकणारे मिळाले नाहीत.

तथापि एका सिस्टरने ऐकायला लावले. लंडनच्या सिसिली साँडर्स या मूळच्या परिचारिका. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले, तरी मरणाऱ्यांच्या वेदनेचा विषय त्यांच्या मनातून गेला नाही. पुढे त्या डॉक्टर झाल्या. आयरिश धर्मभगिनी चालवीत असलेल्या हॅकनीच्या सेंट जोसेफ आश्रमात त्यांनी १९५८ पासून काम केले. वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळेला मॉर्फिन देण्याची पद्धत तेथे त्यांनी रुजविली, आणि १९६७ मध्ये स्वतःची संस्था उभारली. त्या प्रेरणेचा एक दिवा मुंबईतही लागला: वांद्र्याच्या मोत माउलीच्या टेकडीवर १९८६ साली डॉ. एल. जे. डिसूझा यांनी सुरू केलेले 'शांती आवेदना सदन'. कर्करोगाने शेवटच्या टप्प्यावर आलेल्यांसाठी भारतात उघडलेले ते पहिले घर.

परळची ती खाट

मुंबईचा उल्लेख झाला आहे, तेव्हा परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील एका खाटेपाशी गेल्यावाचून हा इतिहास पुरा व्हायचा नाही. अरुणा शानबाग ही कर्नाटकातील हळदीपूरची मुलगी त्या रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका कामगाराने तिच्यावर जो पाशवी हल्ला केला, त्यात मेंदूला झालेली इजा कधीच भरून आली नाही. ती तेव्हा २५ वर्षांची होती. त्यानंतर सुमारे ४२ वर्षे तिच्या सहकारी परिचारिकांनी तिची निगा राखली. ज्यांनी तिला कामावर पाहिले होते त्या निवृत्त झाल्या, आणि तिच्या अपघातानंतर जन्मलेल्या मुली गणवेश घालून तिच्या खाटेपाशी आल्या. एवढ्या वर्षांत तिच्या पाठीला जखम होऊ दिली गेली नाही. रुग्णसेवेची ज्याला थोडीही माहिती आहे, त्याला या वाक्याचे वजन कळेल.

तिला मरू द्यावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा त्या परिचारिकांनी विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला. त्याच निकालाने, असाध्य रुग्णाचे जीवरक्षक उपचार ठरावीक प्रक्रियेने थांबविता येतील, हेही मान्य केले. अखेरीस न्यूमोनियाने ती अतिदक्षता विभागात गेली, व्हेंटिलेटरवर राहिली आणि १८ मे २०१५ रोजी तिची सुटका झाली. तिच्या जगण्याविषयी आणि मरण्याविषयी सुज्ञांची मते आजही भिन्न आहेत. आम्हांला त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसते: यंत्र निराळे आणि निगा निराळी. यंत्र कधी थांबवावे याचा विचार करता येतो. घास, पाणी, स्वच्छ चादर आणि हाक मारताना घेतलेले नाव ही निगा थांबविण्याची वेळ कधी येत नाही. परळच्या सिस्टरांना हे नीतिशास्त्राच्या वर्गात बसून शिकावे लागले नाही.

९ मार्च २०१८ च्या निकालाने आपल्या देशात प्रौढ व्यक्तीला आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा हक्क मिळाला. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची कार्यपद्धती सुटसुटीत करण्यात आली. उपचार थांबविण्याचा निर्णय आता डॉक्टरांची दोन मंडळे तपासतात. त्या मंडळांत परिचारिकेसाठी खुर्ची राखलेली नाही. पण निर्णय झाल्यावर काय होते, ते आम्ही पाहिले आहे. यंत्राचा गजर बंद करते ती. वेदनेचे औषध चालू आहे ना हे पाहते ती. घरच्यांना आत बोलावून, हात कुठे धरायचा ते दाखवते ती. सगळे संपल्यावर देह पुसते, हनुवटी बांधते, केस नीट करते तीच. आणि तासाभरात त्याच खाटेवर नवा रुग्ण येतो, तेव्हा चेहरा धुऊन त्याच्यापुढे उभी राहते तीही तीच.

२०२० च्या महामारीत तर घरच्यांनाही दार बंद झाले आणि आम्हांलाही. पिशवीत गुंडाळलेला फोन मरणाऱ्याच्या कानाशी धरून लेकीचा आवाज ऐकविणारे हात सिस्टरांचेच होते. २० मार्च २०२० रोजी रोमने रुग्णांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना पूर्ण दंडविमोचनाचे दान दिले, ते उगाच नव्हे. शेकडो वर्षे जे काम कुटुंब, शेजारी आणि धर्मगुरू मिळून करीत, ते त्या दिवसांत एकटीच्या खांद्यावर आले.

आपण काय करावे

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांतून मुली या सेवेत गेल्या आहेत. केरळमधून, गोव्यातून आलेल्या कितीजणींनी आपल्या आईवडिलांचे डोळे मिटले आहेत. त्यांचा सत्कार करावा, हे तर झालेच. पण त्यांना सत्कारापेक्षा दुसरे काही हवे असते असे आम्हांला वाटते.

धर्मगुरूला वेळेवर बोलवा. रुग्णाभ्यंग हा मरणाचा दाखला नव्हे. तो आजाऱ्याला बळ देणारा संस्कार आहे, आणि तो घेताना आजाऱ्याला 'आमेन' म्हणता आले तर किती बरे! आपल्याला शेवटी काय हवे, काय नको, ते जेवणाच्या पाटावर, धडधाकट असतानाच मुलाबाळांना सांगून ठेवा. तसे केल्याने मरण लवकर येत नाही. आणि अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे असाल तेव्हा डॉक्टरांना विचाराच, पण सिस्टरलाही विचारा: "रात्री कसे होते त्यांचे? काही म्हणाले का?" तिला ठाऊक असते.

ते आजोबा त्या पहाटे गेले. काय बोलायचे होते ते त्यांच्याबरोबर गेले. त्यांच्या मुलाने नंतर आम्हांला विचारले, "फादर, बाबा एकटे होते का हो शेवटी?" आम्ही सांगितले, "नाही. सिस्टर होती." त्याला तेवढ्याने रडू फुटले. तिचे नाव मात्र त्याला ठाऊक नव्हते. आणि सांगायला लाज वाटते, आम्हीही ते विचारले नव्हते.